पवईहून खारघरला आलेल्या पेशी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेले काही दिवस आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. ‘कॅन्सरवर रामबाण भारतीय औषध सापडलं, एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर गायब, सरकारी रुग्णालयात मोफत.’ मला चार जणांनी पाठवला आणि विचारलं, खरं आहे का? त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीचं नाही. पण त्यामागे जी खरी गोष्ट आहे ती त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि तिचा मोठा भाग आपल्या खारघरमध्ये घडलेला आहे. मी डॉक्टर नाही. जुनी कागदपत्रं, संशोधनाचे अहवाल, बातम्या वाचून जमेल तसं लिहिणारा माणूस आहे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला म्हणून नाही, इतिहास म्हणून वाचा.

४ जून २०२१. आठवतंय ना तो काळ? कोविडची दुसरी लाट नुकती ओसरायला लागली होती. ऑक्सिजन, रेमडेसिवीर, बेड यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं. त्या दिवशी खारघरच्या सेक्टर २२ मधल्या टाटाच्या आवारात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात, एका रुग्णाच्या शिरेत त्याच्याच रक्तातल्या पेशी परत सोडल्या गेल्या. त्या पेशी मधल्या काळात पवईला आयआयटीत जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांच्यात एक नवा जनुक घातला गेला होता. भारतात अशा प्रकारचा उपचार त्या दिवशी पहिल्यांदा झाला. त्याला कार-टी पेशी उपचार म्हणतात. आपण त्या रस्त्याने रोज ये-जा करतो, रिक्षावाल्याला ‘टाटा’ म्हटलं की तो बरोबर गेटवर सोडतो, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ही तारीख माहीत आहे.

आता मागे जाऊ. बरंच मागे, आणि खारघरहून परळला.

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ मध्ये चक्क अणुऊर्जा खात्याकडे. कॅन्सरचं रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कसं, असं बऱ्याच जणांना वाटतं. किरणोपचार हे एक कारण होतंच, पण होमी भाभांचं खातं संशोधनाला पैसे आणि मोकळीक देत असे, हेही तितकंच खरं. त्याच परळमध्ये १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा माणूस म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांत एक पुण्याच्या बाई होत्या, कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म १९१७, शिक्षण फर्ग्युसनमध्ये.

या बाईंबद्दल थोडं थांबून लिहिणार आहे, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते.

१९४९ मध्ये पीएच.डी. झाल्यावर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जाण्याचा आग्रह केला. त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गे म्हणजे माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याच्या ध्यासाने झपाटलेला गृहस्थ. जगभर आजही वापरात असलेल्या ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. ज्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून त्या घेतल्या, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, हा त्या इतिहासाचा काळा भाग. रणदिवे तिथून पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून परत आल्या आणि मुंबईत भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

ऐकायला साधं वाटतं. पण पेशी शरीराबाहेर जगवणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळण्यासारखं काम आहे. तापमान शरीराएवढंच हवं. खाद्यद्रव वेळेवर बदलायला हवा. एक जंतू आत शिरला की आठवड्यांची मेहनत वाया. ज्या काळात मुंबईत एवढ्या काटेकोर कामाच्या सोयी मोजक्या होत्या, त्या काळात हे करणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. आजच्या कार-टीचा अर्धा कारभार हाच आहे: पेशी बाहेर काढायच्या, त्या मरू द्यायच्या नाहीत, वाढवायच्या आणि परत आत सोडायच्या. जनुक बदलण्याची किमया मागाहून आली. पेशी जगवण्याचं कसब या शहरात परळला रुजलं.

जाता जाता, रणदिवे बाईंनी १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था काढण्यात पुढाकार घेतला. तिचं मुख्यालय आपल्या वाशीत आहे. वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. नोकरी करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईचं मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्या पिढीने स्वतः भोगलेला होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

याच परळच्या केंद्रात आणखी एक गोष्ट घडली. ती रोगप्रतिकारशास्त्राची आहे, आणि मला सतत अस्वस्थ करते. १९५८ मध्ये रणदिवे, बापट आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. संस्थेच्याच नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. पुढे डॉ. म. ग. देव यांच्या गटाने त्यापासून कुष्ठरोगावरची लस तयार केली. दक्षिण भारतात आयसीएमआरने वेगवेगळ्या लसींची मोठी तुलनात्मक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या मुंबईच्या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. नुसत्या बीसीजीचं संरक्षण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. आकडे चांगले होते. पण तोवर कुष्ठरोगावर एकत्रित औषधांचे डोस आले होते, रुग्णसंख्या घटत होती, आणि ही लस घराघरात कधी पोचलीच नाही. निर्णय चूक होता की बरोबर, यावर तज्ज्ञांत वाद होऊ शकतो. मला एवढंच दिसतं की प्रयोगशाळेत लस बनणं आणि ती माणसाच्या दंडात टोचली जाणं, या दोन गोष्टींच्या मध्ये फार मोठं रान आहे. हे रान लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

आता कार-टी म्हणजे काय ते बघू. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी असतात. त्या गस्तीवरच्या शिपायासारख्या असतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की ओळखतात आणि मारतात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच घरातली असते, आपलाच गणवेश घालून फिरते. म्हणून शिपाई तिला बऱ्याचदा सोडून देतो. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, या दुसऱ्या प्रकारच्या हत्याराची नजर मात्र तीक्ष्ण असते. ती एखादी खूण अचूक पकडते, पण टी पेशीसारखी थेट मारण्याची ताकद तिच्यात नसते. मग नजर अँटिबॉडीची आणि हात टी पेशीचा, असा एकच शिपाई बनवता येईल का?

हा प्रश्न इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांनी हातात घेतला. तरुणपणी किबुत्झवर मधमाश्या पाळणारा हा माणूस. १९८९ मध्ये त्यांनी गिडियन ग्रॉस आणि टोवा वाक्स या सहकाऱ्यांबरोबर असा जोडरेणू बनवून दाखवला: बाहेरचं टोक अँटिबॉडीचं, आतलं टोक टी पेशीला ‘मार’ असा हुकूम देणारं. जपानमधल्या एका गटानेही त्याच सुमारास असंच काहीसं केलं होतं. एशहार त्याला ‘टी-बॉडी’ म्हणायचे. पुढे नाव पडलं ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’, त्याची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे ‘कार’. चारचाकीशी काही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण एका काकांनी मला विचारलं होतं.

पण पहिल्या कार पेशी शरीरात टिकायच्याच नाहीत. मारायच्या आणि दमून मरून जायच्या. त्यांना टिकून राहण्याचा दुसरा हुकूमही द्यावा लागतो, हे शोधायला आणखी १०-१५ वर्षं गेली. न्यूयॉर्कमध्ये मिशेल साडलेन यांनी एक तोडगा काढला, मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयात डारिओ काम्पाना यांनी दुसरा. काम्पानांचा तोडगा पुढे फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांनी उचलला.

कार्ल जून मूळचे अमेरिकन नौदलातले डॉक्टर. १९८०-९० च्या दशकांत ते एचआयव्हीवर काम करत होते. एचआयव्ही नेमक्या टी पेशीच मारतो. म्हणून त्या पेशी बाहेर काढून वाढवायच्या कशा, हे त्यांनी आणि ब्रूस लेव्हिन यांनी शोधलं. छोटे चुंबकीय मणी, त्यांच्यावर टी पेशीला जागं करणाऱ्या अँटिबॉडी. आणि टी पेशीत नवा जनुक घालायला वाहन कोणतं वापरायचं? एचआयव्हीचंच. त्याचं विष काढून टाकलं की उरतो तो टी पेशीच्या आत सामान शिताफीने पोचवणारा हमाल. ज्या विषाणूने माणसं मारली त्याचीच पोकळ खोळ आज माणसं वाचवायला वापरतात. २००१ मध्ये जून यांची पत्नी गर्भाशयाजवळच्या बीजांडकोशाच्या कॅन्सरने गेली. त्यानंतर ते या कामात आणखी खोल उतरले.

२०१० मध्ये त्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या ३ प्रौढ रुग्णांवर उपचार केला. पहिले होते बिल लुडविग, निवृत्त तुरुंग कर्मचारी. दोघांच्या शरीरात कॅन्सर दिसेनासा झाला. तिघांवर उपचार झाले तेव्हा पैसे संपले होते. सरकारी अनुदान मिळेना. एका धर्मादाय संस्थेने दिलेल्या देणगीवर काम उभं होतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मग औषध कंपन्यांचे फोन सुरू झाले. हा क्रम नीट बघा. जोखीम होती तेव्हा दानशूर आणि विद्यापीठ. यश दिसलं तेव्हा कंपनी.

एप्रिल २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड ही ६ वर्षांची मुलगी या उपचाराची पहिली बालरुग्ण ठरली. तिचा ल्युकेमिया दोनदा परत आला होता. पेशी दिल्यावर तिला भयंकर ताप चढला, रक्तदाब कोसळला, व्हेंटिलेटर लागला. ती जाणार असंच सगळ्यांना वाटलं. तिच्या रक्ताच्या तपासणीत आयएल-६ नावाचं एक द्रव्य प्रचंड वाढलेलं दिसलं. टी पेशी इतक्या जोरात लढत होत्या की त्यांनी उठवलेलं वादळच तिला मारत होतं. आता योगायोग बघा. जून यांच्या मुलीला लहान मुलांना होणारा संधिवात होता, त्यामुळे आयएल-६ अडवणारं एक औषध त्यांच्या माहितीतलं होतं: टोसिलिझुमॅब. हो, कोविडमध्ये आपण नातेवाइकांसाठी वणवण शोधत होतो तेच. एमिलीला ते दिलं, ताप उतरला, आणि ती आपल्या ७व्या वाढदिवशी शुद्धीवर आली.

ते औषध कुठून आलं? ओसाकामध्ये तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये आयएल-६ चा जनुक वेगळा केला, आणि किशिमोतोंच्या कामातूनच पुढे हे औषध तयार झालं. त्यांच्या मनात संधिवात वगैरे आजार होते, कॅन्सरची मुलगी नव्हती. संशोधनाला ‘याचा उपयोग काय’ विचारणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींना ही गोष्ट कुणीतरी ऐकवायला हवी.

३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेने या उपचाराला परवानगी दिली. किंमत ४,७५,००० डॉलर. तेव्हाच्या दराने ३ कोटी रुपयांच्या वर, आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. आपल्याकडच्या रुग्णासाठी ही बातमी म्हणजे चंद्रावर पाणी सापडल्याची बातमी.

इथून गोष्ट पवईला येते.

राहुल पुरवार यांनी जर्मनीत हॅनोव्हरला पीएच.डी. केली, मग हार्वर्डमध्ये टी पेशींवर काम केलं, आणि २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागात आले. परदेशातला कार-टीचा उपचार विकत आणण्याऐवजी आपला स्वतःचा बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. सोबत होते विद्यार्थी. अलका द्विवेदी, अथर्व करुलकर ही त्यातली दोन नावं. संशोधनाच्या बातमीत प्राध्यापकाचा फोटो येतो. रात्री-अपरात्री इन्क्युबेटर बघायला जाणाऱ्या पीएच.डी.च्या मुलामुलींचा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्यांनी केलेला एक बदल महत्त्वाचा आहे. परदेशी कार-टीमध्ये अँटिबॉडीचं जे टोक वापरतात ते मूळचं उंदराचं. आपलं शरीर त्याला परकं समजू शकतं. पवईच्या गटाने ते टोक माणसाच्या अँटिबॉडीशी मिळतंजुळतं करून घेतलं. निशाणा तोच, सीडी-१९ नावाची खूण, जी रक्तातल्या बी पेशींवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या कॅन्सरवर असते. दुसरी गोष्ट, जनुक वाहून नेणारा विषाणू त्यांनी इथेच बनवला. परदेशातून आणला असता तर किमतीचं गणित तिथेच फसलं असतं.

पण आयआयटीत रुग्ण नसतात. रुग्ण टाटामध्ये. तिथून बालरोग विभागाचे डॉ. गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करणारे डॉ. हसमुख जैन या कामात आले. परळच्या जुन्या कॅन्सर संशोधन संस्थेचं बिऱ्हाड २००२ मध्ये खारघरला हललं होतं, राज्य सरकारने दिलेल्या ६० एकर जागेवर. म्हणजे खानोलकर-रणदिवे यांच्या संस्थेची वारस असलेल्या आवारातच ही चाचणी झाली. मला या गोष्टीतला हा धागा सगळ्यात जास्त आवडतो. कुणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही, पण एकामागून एक पिढ्या त्याच कामाला लागल्या की असं होतं.

पैसा? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने, बायरॅकच्या माध्यमातून, माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी या गटाला १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. शहरातल्या एखाद्या उड्डाणपुलापुढे ही रक्कम किरकोळ आहे. २०१८ मध्ये आयआयटीच्या छत्राखाली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. मग ४ जून २०२१ चा तो पहिला रुग्ण. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी औषध नियंत्रकांची बाजारात आणण्याची परवानगी, नाव नेक्सकार-१९. आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण. त्या दिवशी मात्र सगळे कॅमेरे हजर होते.

आता फॉरवर्डकडे. ‘कॅन्सर गायब’ हे किती खरं?

चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांच्यातला परिणाम मोजता आला अशा ५१ पैकी ३७ जणांमध्ये, म्हणजे ७३ टक्क्यांमध्ये, कॅन्सर पूर्ण किंवा बऱ्याच अंशी मागे हटला. हे सगळे असे रुग्ण होते ज्यांचा कॅन्सर आधीच्या औषधांना दाद देत नव्हता किंवा परत आला होता. त्यांच्यापुढे फारसे मार्ग उरले नव्हते. म्हणून ७३ हा मोठा आकडा आहे. मेंदूवर होणारे दुष्परिणाम, ज्यांची परदेशी कार-टीमध्ये बरीच धास्ती असते, ते इथे फार कमी दिसले. पण ‘मागे हटला’ म्हणजे ‘कायमचा गेला’ नव्हे. काहींमध्ये तो काही महिन्यांत परत आला. रक्तातल्या पेशी घटणं जवळजवळ सगळ्यांना झालं, आणि उपचाराच्या परिणामांमुळे मृत्यूही झाले. ‘एक इंजेक्शन’ हा शब्द तर फारच फसवा. आधी यंत्रावर रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या, त्या प्रयोगशाळेत घडवून वाढवायच्या, दरम्यान रुग्णाला केमो देऊन आतली जागा मोकळी करायची, मग पेशी सोडायच्या, मग कितीतरी दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं. शिवाय हा उपचार सीडी-१९ असलेल्या बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. स्तनाचा, तोंडाचा, फुप्फुसाचा कॅन्सर यांना त्याचा आज उपयोग नाही. घट्ट गाठींच्या कॅन्सरवर कार-टी चालवायचे प्रयत्न जगभर चालू आहेत, अजून हवं तसं यश नाही. आपल्या राज्यात तंबाखूने होणारे तोंडाचे कॅन्सर किती आहेत हे परळच्या ओपीडीत एक सकाळ उभं राहिलं तरी कळतं. त्यांच्यासाठी ही बातमी अजून बातमी नाही.

आणि ‘मोफत’? किंमत सुमारे ४० लाख रुपयांच्या घरात आहे. अमेरिकेच्या तुलनेत हा दहावा हिस्सा म्हणा, आणि ते श्रेय संशोधकांचं आहेच. मी ते मनापासून देतो. पण अमेरिकेच्या किमतीशी तुलना करून आपण स्वतःची समजूत काढतो, असं मला वाटतं. तुलना जमिनीवर करायची तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची मर्यादा बघा: कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. म्हणजे नुसत्या पेशींची किंमतच योजनेच्या छताच्या ८ पट, आयसीयू आणि बाकीचं वेगळं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जालना, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात. त्यांना ४० लाख आणि ४ कोटी यांत फरक काय? दोन्ही आकड्यांपुढे माणूस सारखाच गप्प होतो.

इथे काही मित्र म्हणतील, कंपनीने खर्च काढायचा नाही का? काढावा. एका रुग्णासाठी एक औषध, तेही त्याच्याच पेशींपासून, हजारो गोळ्या एकदम पाडण्यासारखं हे काम नाही. स्वच्छ खोल्या, प्रशिक्षित माणसं, तपासण्या, सगळं महाग. मला कंपनीवर राग नाही. माझं म्हणणं सरकारला उद्देशून आहे. या औषधाच्या मुळाशी १९५२ पासूनचा सार्वजनिक पैसा आहे: परळची संस्था, अणुऊर्जा खातं, खारघरची ६० एकर जमीन, आयआयटीच्या प्रयोगशाळा, बायरॅकचं अनुदान. एवढं गुंतवल्यावर शेवटच्या टप्प्यात ‘आता ज्याचं त्याने बघावं’ म्हणणं मला पटत नाही. अनुदान देताना किमतीबद्दल, सरकारी रुग्णालयांतल्या ठरावीक जागांबद्दल काही अट घालता आली असती. पुढच्या अनुदानांत अजूनही घालता येईल. बंगळुरूची इम्युनील ही कंपनी २०२५ च्या सुरुवातीला दुसरा कार-टी घेऊन बाजारात आली आहे, म्हणजे स्पर्धा सुरू झाली. पण स्पर्धेने ४० लाखांचे ५ लाख होतील असं समजून बसणं भाबडेपणाचं आहे. कुष्ठरोगाच्या लसीच्या वेळी जे रान आडवं आलं तेच इथेही आहे, फक्त झाडं वेगळी.

राज्यात कार-टीसाठी वेगळा निधी असावा आणि तो कुणाला द्यायचा हे आमदाराच्या चिठ्ठीने नाही, डॉक्टरांच्या समितीने ठरवावं, अशी मागणी मी आपल्या भागातल्या सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींकडे लेखी पाठवणार आहे. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. त्यात भर घाला, चुकलं असेल तिथे खोडा. सह्या आपल्या नावाने करायच्या, फॉरवर्ड करून नाही.

आणि ज्यांच्या घरात हा आजार आत्ता आहे त्यांच्यासाठी. मंजुरी बी पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी, आजार परत आला असेल किंवा औषधांना दाद देत नसेल तर, आणि १५ वर्षं व त्यावरील वयाच्या रुग्णांना आहे. लहान मुलांच्या बाबतीत चाचणी चालू आहे का आणि त्यात जागा आहे का, हे टाटाच्या बालरोग विभागात विचारा. आपल्या डॉक्टरांना थेट प्रश्न विचारा: रिपोर्टमध्ये सीडी-१९ आहे का, आणि आमच्या रुग्णाची तब्येत हा उपचार झेपण्यासारखी आहे का? खर्चासाठी आधी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, ट्रस्ट यांचे अर्ज कसे आणि कोणत्या क्रमाने करायचे हे त्यांना पाठ असतं. आणि कार-टी सांगून ‘स्टेम सेल’ची बाटली चढवणारं कुणी भेटलं तर पैसे देण्याआधी एकदा सेक्टर २२ च्या गेटमधून आत जाऊन विचारून या.